गाडी किती खाली घ्यायची

ऑक्टोबर आला की मी रस्त्यानं चालताना माणसांपेक्षा गाड्यांच्या चाकांकडेच जास्त बघते. ही सवय चांगली नाही, हे मला कळतं. परवा विक्रोळीला रस्त्याच्या कडेला एक काका गाडीत बसून मोबाइल बघत होते. मी त्यांच्या मागच्या चाकाकडे इतका वेळ बघत राहिले की त्यांनी काच खाली करून विचारलं, “काय झालं? पंक्चर आहे का?” मी “नाही नाही” म्हणत पुढे सटकले. त्यांना काय सांगणार? चाकाच्या वर, पत्र्याच्या कमानीखाली जी फट असते ती मी मनातल्या मनात मोजत होते. चार बोटं होती. कंपनीतून येते तशी.

हे दिवसच तसे असतात. पाऊस गेलेला असतो, रस्ते वाळलेले असतात, खड्ड्यांवर घाईघाईनं डांबर थापलेलं असतं. पवईच्या रस्त्यावर सातवीण फुलते आणि संध्याकाळी तिचा वास इतका दाटतो की माझ्या वर्गातल्या मुली नाकाला रुमाल लावतात. मला तो आवडतो, पण मी तसं बोलत नाही. परीक्षा जवळ आलेली असते, फायली सह्यांसाठी रांगेत थांबलेल्या असतात. आणि याच दिवसांत, पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या रुंद चाकांच्या, जमिनीला पोट लावून चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर यायला लागतात. त्यांचा आवाज आला की मी वळून बघते. प्रत्येक वेळी वाटतं, दादा असेल.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमच्या घरी गाडी आली. आमच्या घरी म्हणजे घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत, एका खोलीत, जिथं आई, दादा आणि मी राहायचो. बाबा गेल्यापासून दादाच कमावता. मी तेव्हा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. गाडी जुनी होती, मागे डिकी असलेली, राखाडी रंगाची सेडान. ती घ्यायला आईनं होकार दिला त्याला एक कारण होतं. दादाला बोरीवलीला गाड्या सजवण्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. तिथंच वर राहायची सोयही होती. दिवाळीपर्यंत तो काय ते ठरवणार होता. आईचं म्हणणं साधं होतं, “गाडी असली की रोज येऊन-जाऊन करंल. घर सुटायचं न्हाई.” ती परभणीकडची. घर सुटणं म्हणजे काय ते तिनं एकदा पाहिलं होतं.

तर गाडी घर धरून ठेवण्यासाठी आली होती. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, “शिल्पे, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग. सोळा इंचाची चाकं टाकायचीत, रुंद टायर. आणि गाडी खाली घ्यायची. किती घेऊ?”

“खाली कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? दिसायला! काय यार, साडीला फॉल कशासाठी लावता तुम्ही?”

मला हसू आलं, पण त्याहून जास्त काहीतरी वेगळं झालं. ते नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. दीड वर्षं मी काय शिकते हे घरात कुणी विचारलं नव्हतं. “पास होशील ना?” एवढंच विचारायचे, आणि तेही भीत भीत. कॉलेजात उलट. तिथं सगळ्यांना सगळं आधीच येत होतं, इंग्रजी तर येतच होतं. माझ्या बेंचवर बसणारी मुलगी चांगली होती, पण तिचे वडील, काका, आत्या सगळे इंजिनिअर. ती घरी जेवताना जे ऐकायची ते मी लायब्ररीत बसून वाचायचे. मी वर्गात फार बोलायचे नाही. आणि इथं दादा माझ्यासमोर उकिडवा बसून, टायरवर हात ठेवून, मला विचारत होता की सांग, किती घेऊ. जणू मी सांगेन ते होणार होतं.

मी ते फारच मनावर घेतलं.

आधी चाकांचं ठरवलं. चाक मोठं केलं की टायरची भिंत बारीक करावी लागते, नाहीतर एकूण उंची वाढते आणि काटा खोटा वेग दाखवतो. त्यात चूक नको म्हणून मी तीन वेळा हिशेब केला. २०५ रुंदीचा टायर, भिंत त्याच्या निम्मी. जुन्या चाकापेक्षा उंचीत केवळ आठ मिलिमीटरचा फरक. मग चाक कमानीच्या किती बाहेर येईल ते. दादाला आकड्यांत रस नव्हता, त्याची नजर पक्की होती. तो गाडीपासून लांब जाऊन, एक डोळा मिटून म्हणायचा, “आत गेलेलं चाक गरीब दिसतं. बाहेर आलेलं टपोरी. बरोब्बर कडेला पाहिजे. दारात खांदा टेकून उभा राहतो ना माणूस, तसं.” मी आकडे मांडायचे, तो खांदा कुठे टेकेल ते सांगायचा. आश्चर्य म्हणजे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळायचे.

खाली किती घ्यायची, हा मात्र नुसत्या दिसण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या वस्तीत यायला एक चढ आहे. खालचा डांबरी रस्ता संपतो आणि सिमेंटचा चढ सुरू होतो, तिथं जोडावर एक तीक्ष्ण उंचवटा आहे. रिक्षावाले तिथंच “बस, इथंच उतरा” म्हणतात. गाडी त्या उंचवट्यावर आली की पुढची चाकं चढावर, मागची सपाटीवर, आणि मधलं पोट कडेला टेकायला येतं. म्हणजे गाडी किती खाली घ्यायची याचं उत्तर त्या कडेवर होतं. जास्त खाली घेतली तर गाडी घरी येणार नव्हती.

आणि रिकामी गाडी मोजून उपयोग नव्हता, कारण आमच्याकडे रिकामी गाडी असतेच कुठे? माणसं बसली की ती आणखी खाली जाते. मग आम्ही पाण्याचे कॅन घेतले. वस्तीत प्रत्येक दारात वीस लिटरचे निळे कॅन असतात. एक भरलेला कॅन म्हणजे वीस किलो आणि थोडं वर. रविवारच्या दुपारी आम्ही शेजारपाजारचे कॅन मागून आणले, खाली रस्त्यावर गाडीत चढवले आणि कॅनांना पट्टे बांधून माणसांच्या जागी बसवलं.

“आई म्हणजे किती?” दादानं विचारलं.

“तीन.”

“तीन कॅन आई.” त्यानं मागच्या सीटवर तीन कॅन ठेवले. “तिला सांगू नकोस हां, जोड्यानं मारेल. तू किती?”

“अडीच.”

“चल, खोटारडी. तीन.”

शेजारची मालनमावशी धरली, तिचे चार. मावशीनंच दोन कॅन उसने दिले होते. “माझ्याच पाण्यानं मलाच तोललं व्हय रं?” म्हणून ती कमरेवर हात ठेवून हसली. दादा गाडी इंच इंच पुढे घ्यायचा आणि मी रस्त्यावर पालथी पडून, गाल डांबराला लावून, पोट आणि कड यांच्यातली जागा बघायचे. डांबर दिवसभर तापलेलं असायचं. गाडीखालून येणारा गरम वारा, तेलाचा वास, पलीकडून दिसणारे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय. “थांब! बस! दादा, थांब!” मी ओरडायचे. मला आठवतं, त्या दुपारी मला कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नव्हती. परीक्षेचीही नाही.

उत्तर निघालं. तीस मिलिमीटर. सगळे बसलेले असताना तीसपर्यंत गाडी चढेल. त्याच्या खाली गेलो तर टेकेल. मी ते दादाला दोनदा सांगितलं. पेपरात उत्तर लिहिताना मला कधी इतकी खात्री नसायची.

पुढच्या रविवारी आम्ही कुर्ल्याला गेलो. त्या रस्त्यावर नुसती गाड्यांच्या सामानाचीच दुकानं आहेत. रिमा भिंतीवर टांगलेल्या, काळ्या, सोनेरी, चंदेरी. दादा एकेका रिमेवरून असा हात फिरवत होता जसं लोक कापडावरून फिरवतात. चाकं, टायर आम्ही ठरवल्याप्रमाणेच घेतले. मग गाडी खाली घ्यायच्या आखूड स्प्रिंगा. दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्यानं दोन जोड काढून ठेवले. “ये तीसवाला, ये पैंतालीसवाला. दोनों माल अच्छा है.” मग चष्मा डोळ्यांवर चढवत दादाकडे बघून सहज विचारलं, “पीछे कौन बैठता है?”

साधा प्रश्न होता. त्याला फक्त वजनाचा अंदाज हवा होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलंही. तीन कॅन, चार कॅन, सगळं माझ्या जिभेवर होतं.

दादा म्हणाला, “कोई नहीं.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो पंचेचाळीसच्या स्प्रिंगवर बोट ठेवून उभा होता.

“दादा, आई बसते ना,” मी हळू म्हणाले.

“कधी बसते गं? वर्षातून दोनदा?”

“चढावर...”

“एकटा असलो तर चढते ना पंचेचाळीसला? तूच हिशेब काढलास.”

काढला होता. एकटा असला तर चढणार होती, एका बोटाच्या फटीनं. पण मला त्या क्षणी चढाचं काहीच वाटलं नाही. मला एवढंच कळलं की त्याचं ठरलंय. दिवाळी अजून लांब होती, आई रोज सकाळी त्याचा डबा भरताना “रातच्याला काय करू?” असं मुद्दाम विचारत होती, आणि दादानं इथं, कुर्ल्याच्या एका दुकानात, एका अनोळखी माणसाला उत्तर देऊन टाकलं होतं. दुकानदारानं मान हलवली आणि तीसवाला जोड परत खोक्यात घातला.

परतताना तो खूप बोलत होता. गाडी कशी दिसेल, फट कशी दोन बोटांवर येईल. “झकास दिसणार बघ, शिल्पे.” मी हो हो म्हणत होते. माझा आकडा चुकला नव्हता, हे मी स्वतःला सांगत होते.

अशोक विजयादशमीला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी तयार होऊन आली. खरोखरच सुंदर दिसत होती. आई, मालनमावशी आणि तिची सून पांढऱ्या साड्या नेसून खाली रस्त्यावर उभ्या होत्या. चेंबूरच्या बुद्धविहारात जायचं होतं. आईनं मागचं दार धरलं. ती नेहमी मागेच बसते. पुढे बसणं म्हणजे चालवणाऱ्याच्या कामात लुडबुड, असं तिला वाटतं. तिघी मागे, मी पुढे. गाडी वळली की मागचा टायर आतल्या पत्र्याला घासून कुरकुरायचा. मावशी म्हणाली, “अगं बाई, पोराची गाडी रडायलीय. आपलं वजन धरलं न्हाई का गं विंजिनेरनं?” सगळ्या हसल्या. मी पण हसले. दादानं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. विंजिनेरनं धरलं होतं वजन, असं सांगून काय झालं असतं?

येताना चढाखाली सगळ्यांना उतरावं लागलं. गाडी एकट्या दादाला घेऊन, त्या कडेवर श्वास रोखल्यासारखी थांबून, वर गेली. आणि तिच्या मागून तीन पांढऱ्या साड्या चढ चालत गेल्या. आई धापा टाकत होती पण तिची नजर गाडीवरून हलत नव्हती. “दिसते मात्र चांगली,” ती म्हणाली. तिला अजून काही माहीत नव्हतं. की होतं? आईला कधी काय कळतं हे मला आजही कळलेलं नाही.

दिवाळीनंतर दादा बोरीवलीला गेला. भांडण झालं नाही. आई म्हणाली, “येत जा.” तो म्हणाला, “येतो की, काय गावाला चाललोय का?” त्याचं अंथरूण माळ्यावर असायचं. आता माळा माझा झाला. मला अभ्यासाला जागा हवी होती, शांतता हवी होती, ती मिळाली. दिवा लावून मी तिथं बसते आणि खालून आईच्या भांड्यांचा आवाज तेवढा येतो. इतकी शांतता की पुस्तकातली ओळ डोळ्यांसमोर असते आणि आत जात नाही.

आधी मला त्याचा राग होता. मग हळूहळू वाटायला लागलं की आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दादाला दार लावून बसता येईल असा कोपरा कधीच नव्हता. बाबा गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. रडायचं असेल तर कुठे जाऊन रडला असेल? गाडी ही त्याची पहिली खोली होती. चार दारं, आणि चारही आतून बंद होणारी. माणूस आपली पहिली खोली घेताना तिच्यात किती जणांसाठी जागा ठेवायची हे ठरवतो, आणि त्यानं एकाची ठेवली. मी हिशेब केला असता तर मीही कदाचित तेच केलं असतं. कॉलेजात मी दुसरं काय करत होते? कुणी जवळ येऊन बसेल अशी जागाच मी कुठे सोडली होती?

तो येतो. महिन्यातून एखादवेळा. पण वर येत नाही. चढाखाली गाडी लावतो आणि फोन करतो, “खाली ये.” मी जाते, आईनं दिलेलं काहीतरी घेऊन जाते, दहा मिनिटं बोलतो. त्याच्याकडे कारण असतं आणि ते माझ्याच आकड्यांनी सिद्ध केलेलं असतं. त्या वर्कशॉपमध्ये त्यानं गाडी आणखी थोडी खाली घेतली. आता ती एकट्यालाही चढावर टेकते.

गेल्या रविवारी संध्याकाळी तो आला. टायर बदलायचे होते, म्हणून मला दाखवायला. बाहेरून टायर अगदी नवे वाटत होते. मी वाकून हात आत घातला तर आतली कड पार गुळगुळीत, एका जागी रबरातल्या तारा हाताला लागत होत्या. गाडी खाली घेतली की चाकं वरून आत कलतात. मग टायर आतल्या बाजूनं झिजत राहतो आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

“किती दिवस चालवतोयस असा? फुटला असता हायवेवर.”

“म्हणून तर आलो ना तुझ्याकडे.”

“तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नाही?”

“तिथं दुसऱ्यांच्या गाड्या बघतो गं. स्वतःची कोण बघतंय.”

मी पुढे बसले. मागच्या सीटवर पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. पायाशी डब्याची पिशवी, खिडकीला वाळत घातलेला नॅपकिन. “इथं झोपतोस?” मी विचारलं. तो म्हणाला, “कधी कधी. वर सहा जणं आहेत खोलीत. घोरतात साले.” आणि हसला. मला वाटलं त्यानं हसायला नको होतं. आम्ही काचा बंद करून बसलो. मी त्याला गाडी पंधरा मिलिमीटर वर घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, “बघू.” मग म्हणाला, “आई कशी आहे?” मी म्हणाले, “वर चल, बघ.” त्यानं चढाकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मी उतरले.

वर आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, “आला व्हता?”

“हो. आहे अजून खाली.”

“मग वर का न्हाई आला?”

“आई, गाडी चढत नाही त्याची. कडेला घासते. मी सांगितलंय त्याला पंधरा...”

“गाडीला जमत न्हाई,” आई म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “त्याच्या पायाला काय झालंय?”

दोन वर्षं मी ज्या उत्तरावर टेकून होते ते किती सोपं काढून घेतलं तिनं. गाडी घरी येणार नाही, एवढंच माझ्या गणितात होतं. माणूस चालत येऊ शकतो हे मी धरलंच नव्हतं. किंवा धरायला घाबरत होते.

आईनं गॅस बंद केला. हात पदराला पुसले, चपला घातल्या. “कुठे चाललीस?” मी विचारलं. ती दाराबाहेर पडली. मी गल्लीच्या टोकाशी, कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर दिवे नुकतेच लागत होते. चढ उतरणारी आई लहान लहान होत गेली, हात भिंतीला धरून, एकेक पाऊल सांभाळत. गाडी तिथंच होती, इंजिन बंद. तिनं काचेवर टकटक केली नाही. सरळ मागचं दार उघडलं. आत काहीतरी हललं, दादानं घाईनं पांघरूण ओढून बाजूला केलं असावं. ती बसली आणि दार लागलं.

गाडीची मागची बाजू थोडीशी खाली बसली, आणि तशीच राहिली.